हेअर ट्रान्सप्लांटचा चौथा दिवस: खपल्या, सूज, हेल्मेट आणि तालीम (मदत हवी आहे)

राजारामपुरी_७वी_गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धाकट्या भावाचं (वय 31) पुण्यात एफयूई पद्धतीनं (डोक्याच्या मागचे केस मुळासकट एकेक काढून पुढं रोपतात) हेअर ट्रान्सप्लांट झालंय. 2,400 ग्राफ्ट (रोपलेले केसांचे बारीक पुंजके), पुढची रेषा आणि मधला भाग. मागचा भोवरा सोडलाय. आज चौथा दिवस. ताप नाही, दुखणं पॅरासिटामॉलवर भागतं, अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे.

क्लिनिकच्या कागदावर तिसऱ्या दिवसापासून धुवायला सांगितलंय, पण घरात कुणाचाच हात धजत नाही, त्यामुळं अजून पाणी लागलेलं नाही. नुसतं सलाईन मारतोय. पुढच्या भागावर खपल्या कडक झाल्यात. काल कपाळाला सूज होती, आज सकाळी ती पापण्यांवर उतरलीय, डावा डोळा अर्धाच उघडतो. फोनवर क्लिनिकवाले "नॉर्मल आहे" एवढंच म्हणतात.

तो इथं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहे, मोल्डिंगकडं. म्हणजे वाळू, उष्णता आणि डोक्यावर सेफ्टी हेल्मेट. जाणं-येणं गाडीवरून. संध्याकाळी तालीम. तंबाखू आहे, शस्त्रक्रियेआधी आठवडाभर बंद होती, आता परत मागतोय. आजीचं म्हणणं हळद-खोबरेल लावा, खपल्या मऊ पडतील. गणपती बारा दिवसांवर आलेत आणि मंडळाची मिरवणूक त्याच्याशिवाय निघत नाही.

धुवायचं कसं हे नेमकं, एकेक पायरी सांगा. बाकीचं कधी चालू करायचं तेही.

शाहूपुरीकर

धुणं आजच चालू करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या यादीतली ही एकच गोष्ट खरंच उशिरा झालीय.

भीती कशाची असते ते समजतं, पण ती उलटी बसते. ग्राफ्ट पहिले दोन-तीन दिवस रक्ताच्या गुठळीनं धरलेला असतो, मग भोवतीची कातडी त्याला पकडते. 2006 साली बर्नस्टाईन आणि रासमन या दोन सर्जननी हेच तपासून बघितलं होतं. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट येऊ शकतो. चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत येतो. नवव्या दिवशी ओढूनसुद्धा निघत नाही. म्हणजे धोका पाण्याचा नाही, खपलीचा आहे. खपली जितकी जाड, तितकी ती उशीला, टोपीला, नखाला अडकणार आणि ग्राफ्टला घेऊन जाणार. वेळेवर धुतलेल्या डोक्यावर जाड खपली धरतच नाही.

आता कृती. उकळून गार केलेलं पाणी घ्या, कोमट. सध्या पावसाळा आहे, नळाला गढूळ येतं. बोअरचं पाणी जड असतं, फेस होत नाही आणि कातडी ओढल्यासारखी होते. आठवडाभर उकळलेलंच बरं. शॉवर नको, त्याची धार लागते. प्लास्टिकचा मग किंवा तांब्या घ्या.

आधी सलाईनमध्ये भिजवलेला गॉज खपल्यांवर दहा मिनिटं नुसता ठेवा. उचलताना सरळ वर उचला, घासत आणू नका. गॉज वाळून चिकटला असेल तर आणखी सलाईन सोडा, ओढू नका. मग बेबी शॅम्पू एक छोटा चमचा एका भांड्यात पाव लिटर पाण्यात फेसाळून घ्या आणि तो फेस, फक्त फेस, तळहातानं रोपलेल्या भागावर ठेवत जा. चोळणं नाही, बोटं फिरवणं नाही. पाच मिनिटं राहू दे. मग एक तळहात आडवा धरून त्याच्यावर पाणी सोडायचं, म्हणजे पाणी हातावर आपटतं आणि डोक्यावर नुसतं वाहतं. फेस जाईपर्यंत तीन-चार मग लागतात.

मागचा डोनर भाग, म्हणजे जिथून केस काढले तो, याच वेळी बोटांच्या पेरांनी हलक्या हातानं चोळून धुवायचा. तिथं काही रोपलेलं नाही, त्या बारीक जखमा आहेत आणि आता त्या मिटत आल्या असतील. तिथं साचलेलं रक्त काढलं की खाज निम्मी होते. पुसताना टॉवेल रोपलेल्या भागाला लावायचा नाही. मान आणि कानामागचं टिपून घ्या, वरचं आपोआप वाळू दे. हेअर ड्रायर नको. डोकं अजून बधीर असतं, चटका बसला तरी कळत नाही.

असं रोज एकदा. आठव्या दिवसापासून फेस ठेवल्यावर बोटांच्या पेरांनी लहान गोल फिरवायला सुरुवात, दाब पापणीवर हात फिरवताना देतो तितकाच. दहाव्या दिवशी थोडा जास्त. खपल्या दोन-तीन दिवसांत सुटतात. चौदाव्या दिवशी एकही खपली शिल्लक नको. उरलीच तर ती खरवडायची नाही, त्या दिवशी भिजवण्याची वेळ वीस मिनिटं करा.

खपलीबरोबर केस येतील, त्याला घाबरू नका. केसाच्या बुडाशी पांढरट टोक दिसतं, ते बघून लोकांना वाटतं मूळच आलं. रक्त आलं का ते बघा. रक्त न येता केस आला तर मूळ आत आहे. टपकन रक्ताचा थेंब आला तर तो ग्राफ्ट गेला असं धरा, सलाईनमध्ये भिजवलेला स्वच्छ गॉज त्या जागी पाच-दहा मिनिटं दाबून धरा आणि क्लिनिकला कळवा. निघालेला ग्राफ्ट घरी परत बसवायचा प्रयत्न करू नका.

सलाईन कुठलं वापरताय? मेडिकलमध्ये 0.9 टक्के नॉर्मल सलाईनची बाटली मिळते, तीच घ्या. घरी मीठ घालून केलेलं निर्जंतुक नसतं. स्प्रेच्या बाटलीत लागेल तेवढंच काढा, उरलेलं दुसऱ्या दिवशी टाकून द्या आणि बाटली उकळत्या पाण्यानं धुवा. वीतभर अंतरावरून बारीक फवारा. धुणं चालू झालं की सलाईन दिवसातून चार-पाच वेळा पुरे.

कळंबा_रोड

सुजेबद्दल. क्लिनिकनं "नॉर्मल" म्हटलं ते बरोबर आहे, पण कारण सांगितलं असतं तर तुमची झोप उडाली नसती. शस्त्रक्रियेच्या वेळी डोक्यात भूल आणि सलाईन बरंच टोचतात, म्हणजे कातडी फुगून ताठ राहते आणि रक्तस्राव कमी होतो. तेच पाणी नंतर खाली उतरतं: दुसऱ्या दिवशी कपाळ, तिसऱ्या-चौथ्याला भुवया आणि पापण्या, मग गाल. आठवड्याच्या आत ओसरतं.

काय करायचं: दोन-तीन उशा घेऊन पाठीवर, 45 अंशात झोपायचं, सातव्या रात्रीपर्यंत. प्रवासात घेतात ती घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी मानेला लावा, म्हणजे झोपेत डोकं कुशीवर वळत नाही. बर्फ रुमालात गुंडाळून कपाळावर आणि कानशिलावर दहा-दहा मिनिटं, ग्राफ्टवर कधीही नाही. तिथला रक्तपुरवठा आकसून चालत नाही. भुवईच्या मधून कानशिलाकडं दोन बोटांनी हलकं सरकवत न्या. वाकून बूट बांधणं, जड बादली उचलणं बंद. देवाला नमस्कार उभ्यानंच करू दे, साष्टांग नको.

एकाच डोळ्याला लाली, ठणका, दिसायला अंधुक, किंवा ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर ती ही सूज नव्हे. तेव्हा पुण्याच्या फोनची वाट बघू नका, इथं त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. शस्त्रक्रियेचा कागद आणि औषधांची यादी बरोबर न्या, नाहीतर इथल्या डॉक्टरला काय टोचलंय, काय दिलंय हे कळायला मार्ग नसतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली (धागाकर्ता)

दोघांचे आभार. आत्ताच फेसानं धुतलं. शाहूपुरीकर, गॉजची युक्ती लागू पडली, रक्त कुठंच नाही. मधल्या भागात रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा मात्र बाकीच्यापेक्षा गडद दिसतोय. खपलीच आहे का दुसरं काही, कसं ओळखायचं?

शाहूपुरीकर

हे आजच बघून घ्या. खपली तांबूस-तपकिरी असते, भिजली की मऊ पडते आणि कडा उचलतात. कातडीच निळसर-करडी किंवा काळी पडली असेल, भिजवूनही रंग तसाच, भोवती लालसर कडा आणि दुखणं वाढतं, तर तिथला रक्तपुरवठा कमी पडलाय अशी शंका घ्यायची. हे क्वचित होतं, पण होतं ते बहुधा मधल्या भागात, दाट रोपलेल्या ठिकाणी, आणि तंबाखू किंवा मधुमेह असणाऱ्यात जास्त. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून समोरून, वरून आणि त्या तुकड्याचा जवळून असे तीन फोटो काढा आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरनाच पाठवा, रिसेप्शनला नव्हे.

तंबाखूचं उत्तर याच्यातच आलं. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. चघळून गेलं काय, धुरातून गेलं काय, मिश्रीतून गेलं काय, रक्तात तेच. निकोटीनची पट्टीही त्यात आली. शस्त्रक्रियेनंतर किमान दोन आठवडे, जमलं तर महिना, पूर्ण बंद. नव्या ग्राफ्टला पहिले काही दिवस स्वतःची रक्तवाहिनी नसते, आजूबाजूच्या ओलाव्यावर तगतो. त्याच दिवसांत वाहिन्या आवळायच्या हे मला अजिबात पटत नाही. त्याला हे स्पष्ट सांगा.

मंगळवार_पेठ

तालमीचं मी सांगतो. भावाला म्हणावं गडबड करू नको. चालणं आत्ताही चालतं, घाम येईल इतकं नाही. दोन आठवड्यांनी हलके जोर-बैठका, त्याही डोकं खाली न जाता. तोवर घाम डोक्यावर साचू द्यायचा नाही, मीठ चुरचुरतं आणि खाजवायला हात जातो. वजनं, दोर चढणं तीन-चार आठवड्यांनी. लढत मात्र सहा आठवड्यांच्या आत नाही. कुस्तीत डोक्याला डोकं लागतं, मानेवर पकड बसते, पट काढताना कपाळ सरळ मांडीवर घासतं. वर आखाड्याची माती. तिच्यात ताक, तेल, हळद घातलेली असली तरी ती निर्जंतुक नसते, आणि ताज्या छिद्रांत गेली की पू धरतो. मॅटवर सराव करणार असला तरी तेच, घासणं तेवढंच. फुटबॉल खेळत असेल तर हेडरही सहा आठवडे बंद.

रंकाळ्यात, पंचगंगेत पोहणं किंवा तलावात उडी, काहीही महिनाभर नाही.

कळंबा_रोड

कामाबद्दल राहिलं. टेबलावरचं काम असतं तर सातव्या-आठव्या दिवशी गेला असता. मोल्डिंगला किमान दोन आठवडे सुट्टी घ्यावी, तीन मिळाले तर उत्तम. वाळूची बारीक धूळ खपल्यांत बसते आणि भट्टीजवळच्या घामानं तिचा लेप होतो. सेफ्टी हेल्मेटच्या आतला पट्टा नेमका पुढच्या रेषेवर बसतो, म्हणजे सगळ्यात नाजूक ओळीवर. परत जाताना आत धुतलेला पातळ सुती रुमाल घालावा आणि रोज बदलावा. सुपरवायझरला सांगून महिनाभर भट्टीपासून लांबचं काम मागून घ्या.

गाडीचं हेल्मेट दोन आठवडे नाही. आणि हेल्मेट नाही म्हणजे गाडीही नाही, उघड्या डोक्यानं हायवेवर जाणं हा उपाय नव्हे. तोवर केएमटीच्या बसनं किंवा कुणाच्या चारचाकीत. नंतर घालताना दोन्ही बाजू फाकवून सरळ वरून उतरवायचं, पुढून मागं ओढायचं नाही. तसंच दहा दिवस बटणाचे शर्ट. टी-शर्ट, बनियन डोक्यावरून नको.

आजींना दुखवू नका, पण हळद-खोबरेल नको. महिनाभर तेलच नको. तेलानं छिद्रं बुजतात, आणि घरातली हळद जखमेवर लावण्याइतकी स्वच्छ नसते. खपल्या मऊ करायचं काम सलाईन करतंय. आजींना हातभार लावायचाच असेल तर अंडी, मटण, डाळी, उसळी यांवर भर देऊ देत, प्रथिनं लागतातच. तांबडा-पांढरा रस्सा बंद करायची गरज नाही. तिखटानं ग्राफ्ट मरत नाही. डोक्याला घाम सुटेल इतका झणझणीत दोन आठवडे टाळला की झालं. दारू आठवडाभर नाही, आणि अँटिबायोटिक चालू आहे तोवर तर नाहीच.

मिरवणूक सोळाव्या दिवशी येते. ग्राफ्ट तोवर पक्के झालेले असतात, गर्दीत धक्का लागला तरी निघणार नाहीत. पण कातडी गुलाबी आणि कोवळी असते, त्यावर गुलाल बसला की खाज, पुरळ आणि मग घासून धुणं. ढोल वाजवू दे, पण सैल टोपी घालून आणि गुलालाच्या बाहेर. ऊन असलं तरी टोपी हवी. रोपलेल्या भागाला तीन महिने कडक ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर लाली रेंगाळते आणि डाग राहतो.

राजारामपुरी_७वी_गल्ली (धागाकर्ता)

डॉक्टरांनी फोटो बघितले. खपलीच आहे म्हणाले, भिजवणं चालू ठेवा, उद्या परत फोटो पाठवा. तंबाखूची पुडी आजीनं स्वतः काढून घेतली. शेवटचं विचारतो: पुढं काय-काय दिसेल, म्हणजे परत धाबं दणाणणार नाही?

शाहूपुरीकर

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रोपलेले बहुतेक केस गळतील. भावाला हे आजच सांगून ठेवा, कारण तेव्हा लोक खचतात आणि कुठलीतरी तेलं-गोळ्या चालू करतात. दांडा गळतो, मूळ विश्रांतीला जातं. शेजारचे जुने केसही थोडे गळू शकतात, तेही बहुतेक परत येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कधी वाकडे केस फुटायला लागतात. सहाव्या महिन्यात साधारण निम्मं चित्र दिसतं, निकाल बाराव्या महिन्यात बघायचा.

केस फुटताना पुरळ उठतं. एखाद-दुसरी पुटकुळी असेल तर कोमट पाण्याचा गॉज दिवसातून दोनदा दहा मिनिटं, पिळायची नाही. एकदम दहा-पंधरा आल्या, पू आहे, दुखतंय, तर डॉक्टर. बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहतो, मुंग्या आल्यासारखं होतं तेव्हा तो परतत असतो.

मिनॉक्सिडिल (केसवाढीसाठी डोक्याला लावायचं औषध) आधीपासून लावत असेल तर परत कधी चालू करायचं ते डॉक्टरांना विचारा; त्यातलं अल्कोहोल ताज्या कातडीला झोंबतं. फिनास्टराईड (केसगळती रोखायची गोळी) रोपलेल्या केसांसाठी नसतं, मूळच्या उरलेल्या केसांसाठी असतं. 31व्या वर्षी भोवरा उघडा पडायला लागला असेल तर हा विषय डॉक्टरांशी बसून बोलावा, दुष्परिणामांसकट. मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका.

न्हाव्याकडं: मागच्या भागाला मशीन महिन्यानं, रोपलेल्या भागाला महिन्यानं फक्त कात्री, मशीन तीन महिन्यांनी. वस्तरा त्या भागाला लावू नका असं त्याला खुर्चीत बसायच्या आधीच सांगा, तो सवयीनं कपाळाची कड कोरायला जातो.