कोशातले शेजारी म्हणजे सख्खे नव्हेत

मूळशोधक: “डिक्शनरीत ओळीने येणारे शब्द एका बैठकीत पाठ करा, अर्थ आपोआप जुळतात,” असा सल्ला कालच्या पोस्टमध्ये होता. उदाहरण दिलं पेन-पेन्सिलचं, आणि नेमकं तेच चुकीचं! पेन आला लॅटिन ‘पेन्ना’वरून, म्हणजे पीस. पेन्सिल आली ‘पेनिसिलस’वरून, म्हणजे छोटी शेपटी, मग बारीक कुंचला. पेन्सिलचं खरं भावंड थोडं पुढे आहे, पेनिसिलिन. ते औषध ज्या बुरशीपासून मिळतं, ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते. आयल-आयलंडचंही तसंच, दोन्ही म्हणजे बेट. आयल लॅटिन ‘इन्सुला’चा, आयलंड जुन्या इंग्रजीतला. त्यातला मुका एस लोकांनी आयलकडे बघून मागाहून घुसवला.

वहीवाला: दोन अपवादांवर सगळा सल्ला मोडीत? स्टेशनरी घ्या. या उच्चाराचे दोन शब्द, ‘स्थिर’ आणि ‘लेखनसामग्री’, दोन्ही एकाच मुळाचे. फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी बसणारा विक्रेता तो स्टेशनर. बेकरसारखाच शेवट, ई-आर. म्हणून वह्या-कागदाच्या शब्दात ई, ‘स्थिर’च्या शब्दात ए. जोडीने शिकलं की स्पेलिंग कायमचं बसतं.

मूळशोधक: मूळ कळलं म्हणून बसलं, शेजारामुळे नव्हे.

लखलख: ‘जीएल’ विसरलात? ग्लीम, ग्लिमर, ग्लिंट, ग्लिसन, ग्लिटर, ग्लो. सगळे प्रकाशाचे. अशा ध्वनिगटांना भाषाशास्त्रज्ञ फर्थने १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ नाव दिलं.

मूळशोधक: आणि ग्लू? ग्लँड? ग्लव्ह? त्यात कुठला उजेड? सोयीचे शब्द वेचून नियम होत नाही.

लखलख: वेचताय तुम्ही! ग्लासचं मूळ चमकण्यातच आहे. ग्लॅडचा मूळ अर्थसुद्धा ‘तेजस्वी’, ‘आनंदी’ नंतरचा. उलट ग्लू लॅटिन ‘ग्लूटेन’वरून, ग्लँड लॅटिनमधल्या ओकफळावरून. बाहेरून आलेल्यांना घरच्यांच्या रांगेत उभं करून घर खोटं ठरवू नका.

मूळशोधक: पण शिकणाऱ्याला पानावर घरचे-बाहेरचे वेगळे दिसत नाहीत, मुद्दा तोच आहे!

तपासनीस: जीएल राहू द्या, डिस्क्रीटच्या जोडीकडे बघा. देवनागरीत दोन्ही सारखेच, स्पेलचेकही पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं बरोबर. ई-ई चिकटलेले तो ‘बोभाटा न करणारा’. दोन ईंच्या मध्ये टी तो ‘सुटासुटा’. टीने ई वेगळे केले, अर्थही वेगळेपणाचा. हे दोन एकाच दिवशी नवे म्हणून शिकवले की हमखास अदलाबदल होते. आधी एकच घ्या, चार-पाच वाक्यांत वापरा. तो न अडखळता लिहिता आला की मग दुसरा. शेवटी दोन्ही एका वाक्यात. कंटिन्युअल (थांबून-थांबून, पण वारंवार) आणि कंटिन्युअस (अखंड) यांनाही हाच क्रम.

वहीवाला: एका बैठकीत नको, मान्य. पण शेवटी जोडी लावायचीच ना?

मूळशोधक: शेवटी लावा. पेन-पेन्सिलची मात्र नाही.