मदत हवी आहे: लाकडी सांगाड्याच्या कामासाठी विमा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ मी आणि चुलतभाऊ मिळून घरांचे लाकडी सांगाडे करून द्यायचा धंदा सुरू करतोय. खांब, तुळया, वासे, आणि खिळ्यांऐवजी खाचेत बसवलेले जोड. होमस्टेवाल्यांकडून विचारणा बरी आहे. घोडं अडलंय विम्यापाशी.

शेडमध्ये साग रचलेला, मशिनं, त्यात सगळीकडे भुसा. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही छोट्या धंद्यांच्या मालमत्तेची विमा पॉलिसी ठीक वाटते. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेला चालते, आगीबरोबर वादळ-पूरही येतो. 2020 चं निसर्ग वादळ बघितलेल्यांना ते का हवं हे सांगायला नको. पण ही झाली शेडपुरती. टेम्पोतल्या मालाचं काय? आणि साइटवर सांगाडा अर्धा उभा आहे, कौलं चढायचीत, अशात वारा सुटला तर? एजंट कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क (बांधकाम चालू असताना होणाऱ्या नुकसानीची पॉलिसी) सुचवतोय. ती प्रत्येक कामाला वेगळी काढता की वर्षाची मिळते?

सगळ्यात जास्त काळजी माणसांची. आढ्यावर चढणारे सुतार रोजंदारीचे, आज हा तर उद्या तो. त्यातला कोणी पडला तर जबाबदारी आमचीच, त्यात वादच नाही. वर्कमन कॉम्पेन्सेशन पॉलिसी (कामावर कामगाराला अपघात झाला तर भरपाईची) कामगारांची नावं न देता, नुसत्या संख्येवर कोणी घेतली आहे का? क्लेमच्या वेळी हजेरीपट पुरला का? उंचीवरच्या कामाचा वेगळा उल्लेख करून घ्यावा लागतो का?

प्रत्यक्ष क्लेम केलेल्यांनी जरूर लिहा. ‘सगळं कव्हर होतं भाऊ’ हे एजंटकडून ऐकून झालंय.