जुना पीसी भंगारात द्यावा की सीडींसाठी ठेवावा?

ओटीवरचा
घरात तीनेकशे सीडी आहेत. निम्म्या विकतच्या, नाट्यपदं, अभंग, भावगीतं. बाकीच्या घरीच बर्न केलेल्या. त्यातली एक आजोबांच्या भजनी मंडळाची, २००६ मध्ये कॅसेटवरून उतरवलेली. ती कॅसेट आता राहिली नाही.

वरच्या खोलीत विंडोज एक्सपीचा जुना पीसी आहे, त्याचा ड्राइव्ह अजून चालतो. नव्या लॅपटॉपला ट्रेच नाही. घरचे म्हणतात, धूड काढा आणि यूएसबीचा ड्राइव्ह घ्या. मी एक उसना आणून पाहिला. भजनांची सीडी घातली, पाच मिनिटं नुसती घरघर, मग 'डिस्क घाला' असा निरोप. तीच सीडी पीसीवर दोन भजनं सोडून सगळी वाजली. माझं मत स्पष्ट आहे: पीसी ठेवायचा.

तारजोड
असहमत. एका सीडीवरून यूएसबी ड्राइव्ह नापास करू नका. जोडला कुठे होता? यूएसबी २ च्या पोर्टमधून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, आणि सीडी फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्हला त्याहून जास्त लागू शकतात. हबवर (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) किंवा लांब वायरवर लावला की हमखास अशी घरघर होते. दोन यूएसबी टोकांची वायर मिळते, ती दोन पोर्टमधून वीज घेते, ती वापरून बघा.

आणि पंधरा वर्षांपलीकडची हार्डडिस्क, बोर्डावरचे फुगत चाललेले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) यांच्या भरवशावर आजोबांचा आवाज ठेवणार? एक्सपीचे अपडेट २०१४ मध्येच थांबले.

ओटीवरचा
त्या पीसीला इंटरनेट जोडलेलंच नाही, त्यामुळे अपडेटचा प्रश्न येत नाही. वायरचं मात्र बघतो, हबवरच लावला होता.

निळीशाई
एवढा खटाटोप कशाला? विकतच्या सीडींवरचं बहुतेक सगळं आता मोबाइलवर ऐकता येतं. जागा मोकळी करा. भजनांची एक सीडी दुकानातून कॉपी करून आणा, विषय संपला.

ओटीवरचा
नाही पटलं. मोबाइलवर आज असलेलं गाणं उद्या निघून जातं, आणि पुष्कळदा वेगळंच ध्वनिमुद्रण लावलेलं असतं. आमच्या घरी ज्या पदातली तान पाठ आहे, ती त्यात नसते.

तारजोड
इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने. पण दोघांनाही सांगतो, नुसती कॉपी पुरत नाही. डेटा सीडीत चुका दुरुस्त करायला जी जादा माहिती असते, ती ऑडिओ सीडीत नसते. न वाचता आलेला तुकडा ड्राइव्ह आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरतो आणि आपल्याला कळतही नाही. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखा प्रोग्राम तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो आणि शंका असेल तिथे खूण करतो. फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, मूळ आवाजातलं काही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. तीनशे सीडी सव्वाशे जीबीच्या आसपास बसतील. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

पीसी जाऊ दे, त्यातला ड्राइव्ह ठेवा. आयडीई (जुन्या ड्राइव्हची रुंद पट्टीची जोडणी) ते यूएसबी जोडणी, सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर, की तोच ड्राइव्ह लॅपटॉपवर चालेल.

पावसाळी
आमच्याकडे कोकणात दोन पावसाळ्यांत सीडीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. पुसताना गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा वाचण्याच्या वाटेवरच पडतो. आणि वर चिकटवलेलं लेबल सोलू नका. चकाकता थर लेबलच्याच बाजूला असतो, त्यावर लाखेचा जेमतेम पापुद्रा. मी एकदा भावाच्या मुंजीच्या सीडीचं लेबल ओढलं, चांदी कागदाबरोबर निघून आली. आरपार दिसायला लागलं.

ओटीवरचा
काल रात्री बसलो. लॅपटॉपच्या थेट पोर्टवर, दोन टोकांच्या वायरने उसना ड्राइव्ह लावला. सीडी लागली, पण चौथ्या भजनाशी अडकली. मग वर गेलो, मऊ कापडाने पावसाळी म्हणतात तशी पुसली, पीसीवर वाचण्याचा वेग ४एक्सवर आणला आणि रिप, म्हणजे सीडीवरून फाइल उतरवणं, लावलं. सव्वा तास लागला. बारापैकी अकरा भजनं स्वच्छ आली, शेवटच्यावर दोन ठिकाणी खूण पडली. सातव्यात आजोबा मध्येच म्हणतात, "टाळ जरा हळू." हे आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

फाइल दोन डिस्कवर ठेवल्यात. पीसी देत नाही.

तारजोड
निदान त्याचे कपॅसिटर तपासून घ्या.