स्टॅट्सवाल्यांनो, तुमचे सर-मॅडम भेटतात कधी?

गोव्यात स्टॅटिस्टिक्स घेणारी मुलं मुळात मोजकी, शिकवणारे त्याहून मोजके. मेजर-मायनर (मुख्य नि जोडीचा विषय), प्रोजेक्ट, पुढच्या परीक्षांचे फॉर्म, हे सगळं तुम्ही कुणाला नि कधी विचारता ते लिहा. कॉलेजचं नाव नको. माझं मत आधीच सांगते: सर-मॅडम चांगलेच असतात, त्यांनी दिलेली वेळ सोयीची नसते.

वाळपई, टीवाय
केबिनच्या दारावर कागद : भेटण्याची वेळ ३.३० ते ४.३०. आमचं प्रॅक्टिकल सुटतं सव्वाचारला, मग पणजीला जाऊन वाळपईची बस धरायची. दाराबाहेर आधीच चारजण उभे. शेवटी मी प्रश्न वहीच्या पानावर लिहून दाराखालून सरकवायला लागले. सर दुसऱ्या दिवशी लेक्चरच्या आधी फळ्यावर उत्तर देतात. आता अख्खा वर्ग ऐकतो.

म्हापसा, बीएस्सी झालं
आमच्याकडे मेंटर रोल नंबरप्रमाणे वाटले. माझ्या वाट्याला बॉटनीच्या मॅडम. फार मायाळू, घरचं विचारायच्या, फॉर्मवर सही करायच्या. पण स्टॅट्स सोडून कॉम्प्युटर घेऊ का, यावर त्या बिचाऱ्या काय सांगणार? "आवडतं ते घे गो." लेक्चर बेसिसवरच्या (तासांवर पगार, कायम नव्हे) एका सरांनी कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्या सांगितलं: यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस द्यायची तर पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय हवा, नाहीतर त्यात एमएस्सी तरी. मी स्टॅट्स ठेवलं. पुढच्या वर्षी सरांचं कॉन्ट्रॅक्टच वाढवलं नाही. आता आमच्या मागून येणाऱ्या बॅचला हे कोण सांगतं, देव जाणे.

फोंडा
जॅमचे, म्हणजे आयआयटी वगैरेंत एमएस्सीला जायच्या प्रवेश परीक्षेचे, फॉर्म सप्टेंबरात सुटतात, ऑक्टोबरात बंद, परीक्षा फेब्रुवारीत. नेमकी चवथ त्याच सुमाराला! गणपतीवर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधायच्या गडबडीत सर्टिफिकेटं कोण शोधतो? सल्ला जुलैत मिळायला हवा. आणि जॅम दिली की कोलकात्याच्या आयएसआयलाही (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) चालते असं आमच्यातल्या निम्म्यांना वाटायचं. तिथल्या एमस्टॅटसाठी (स्टॅटिस्टिक्समधली मास्टर्स) त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी.

मडगाव, एमएस्सी
मासळी बाजारातल्या बांगड्याच्या भावांवर रिग्रेशन करत होतो. रेसिड्युअल प्लॉट (अंदाज नि खरा भाव यांतल्या फरकाचा आलेख) डावीकडे चिंचोळा, उजवीकडे पसरत गेलेला. रात्री मॅडमना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. उत्तर एका ओळीचं: "भावाचा लॉग घेऊन बघितलास?" घेतला, प्लॉटचा पसारा बराच एकसारखा झाला. पण ही सोय वेळापत्रकात नाही. ज्याच्याकडे मॅडमचा नंबर, त्याचंच काम होतं. आमच्या वर्गातली लाजरी मुलं अडकली ती अडकलीच.

शिकवणारी
आमचीही बाजू ऐका. २०२३-२४ ला गोव्यात नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, पेपर वाढले, त्यात नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन) फायली. तरी आम्ही बसतो. मुलं मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उगवतात. "मॅडम, डाउट आहे." कुठला? "सगळंच." येताना आउटपुटचा प्रिंट आणा, अडलं तिथे पेन्सिलीने गोल करा, दहा मिनिटांत काम होतं. मंगळवारी दुपारी माझ्या केबिनमध्ये चिटपाखरू नसतं.

वाळपई, टीवाय
मॅडम, नाव नको ते ठीक, पण ही केबिन कुठल्या तालुक्यात ते तरी सांगा!