ब्यांसमधल्या रङ बोलीचे शब्द नोंदवायला तिबेटी चालेल का?

खानापूर_घाट : बेळगावहून आमचा गट आदि कैलासला निघतोय. वाटेत उत्तराखंडमधल्या ब्यांस खोऱ्यातल्या रङ लोकांच्या बोलीचे शब्द नोंदवायचेत. आधी मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जाऊन थोडी तिबेटी शिकली तर उपयोग होईल का? आणि लिहायचं कसं?

निपाणीकर : फारसा नाही. रङ लोकांच्या बोली, म्हणजे ब्यांसी, चौदांसी, दारमा, या पश्चिम हिमालयी गटातल्या. किन्नौरी, लाहौलची पट्टणी त्यांच्या भावकीतल्या. तिबेटी वेगळ्या शाखेची. आकड्यांवर जाऊ नका. तीनला तिबेटीत 'सुम', किन्नौरीत 'शुम', पाचाला दोन्हीकडे 'ङा'. पण किन्नौरी पुढे विसांनी मोजते, चाळीस म्हणजे दोन कोड्या. शिवाय या गटात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, आपल्या 'जातो, जातोस'सारखं. तिबेटीत तसं नाही. तेव्हा नुसतं 'जाणे' विचारू नका. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहाही वाक्यं पूर्ण बोलवून घ्या, नाहीतर हाती एकच रूप लागेल आणि तेच धातू समजून बसाल.

शहापूर_पेठ : लिहा देवनागरीतच, पण मराठी कानाला इथे हमखास चकवा बसतो. ब्यांसीत अघोष, म्हणजे गळ्यात कंप नसलेले, म, न, ल आहेत. आपण ते ऐकून 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' लिहून मोकळे होतो. 'म्हैस' म्हणताना गळ्यावर बोट ठेवा, 'म'पासूनच कंप लागतो. त्यांच्या अघोष 'म'ला ओठ मिटलेले, नाकातून नुसती हवा, कंप मागाहून. त्यासाठी 'ह्म', 'ह्न', 'ह्ल' ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर खूण लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज नको, दाबलेल्या आवाजात ही हवाच आधी जाते. न दाबलेली वेव्ह (WAV) फाइल करा, फोन वीतभर अंतरावर, प्रत्येक शब्द तीनदा.

निपाणीकर : नोंदीत बोलणाऱ्याचं गाव हवंच: कुटी, गुंजी, नाबी की गर्ब्यांग. लग्न होऊन आलेल्या बाईंचं माहेरही विचारा. माहेर दारमा खोऱ्यात असेल तर शब्द ब्यांसचा म्हणून चिकटवू नका. वरच्या गावांसाठी खालच्या धारचुला गावातून इनर लाइन परवाना, म्हणजे सीमाभागात जायची परवानगी, लागतो. उन्हाळ्यात माणसं वर असतात, हिवाळ्यात बरीचशी धारचुलाकडे उतरतात. सावकाश बसून काम करायचं तर हिवाळाच बरा. हे काम व्हायलाच हवं. शेजारच्या जोहार खोऱ्यातली रंगकस भाषा ग्रियर्सनच्या इंग्रजी राजवटीतल्या भाषा-सर्वेक्षणात नोंदली गेली, आज तिथे कुमाऊँनी बोलतात. दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे जनगणना वेगळे छापत नाही, त्यामुळे अशी भाषा आटत चालली तरी कागदावर कळत नाही.

खानापूर_घाट : तिबेटी रद्द. सहा वाक्यांचा तक्ता आजच करतो.