मदत हवी आहे : गुग्गुळ आणि डिल्टियाझेम यांत अंतर ठेवून भागेल का?

माझी आई निपाणीत राहते, वय ६८. चाळीस वर्षे मांडी घालून विड्या वळल्यामुळे तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. रक्तदाबासाठी ती सहा वर्षांपासून डिल्टियाझेम घेते आणि दाब १३०/८० च्या आसपास राहत असे. दिवाळीनंतर वैद्यांनी योगराज गुग्गुळाच्या दोन-दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ सुरू केल्या. त्या टणक असल्याने ती खलबत्त्यात कुटून कोमट पाण्याबरोबर घ्यायची आणि उरलेल्या घोटाबरोबर दाबाची गोळीही गिळायची. गुडघ्यांना चांगला उतार पडला, ती पुन्हा जिना चढू लागली. मात्र तीन आठवड्यांत दाब तीनदा १५५/९० च्या वर भरला. डॉक्टरांनी गुग्गुळ थांबवायला सांगितले, तर वैद्यांच्या मते दोन्ही औषधांत दोन तासांचे अंतर ठेवले की पुरे.

माझी अडचण इथेच आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात निरोगी व्यक्तींना गुग्गुळाच्या अर्काची १ ग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी घटली होती. एकाच मात्रेत हे घडले, म्हणजे आतड्यातून औषध शोषले जाण्यातच अडथळा येत असावा, असे मला वाटते. तसे असेल तर अंतर ठेवण्याचा उपाय पटतो. परंतु गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन हा घटक पेशींमधील पीएक्सआर नावाच्या ग्राहीला चालना देतो आणि त्यामुळे यकृतात सीवायपी३ए४ हे विकर वाढते, असेही प्रयोगांत दिसले आहे. डिल्टियाझेमचे विघटन मुख्यतः याच विकराकडून होते. विकर एकदा वाढले की ते कित्येक दिवस टिकते, मग गोळ्यांमध्ये दोन तास काय किंवा बारा तास काय, फरक पडणार नाही.

योगराज गुग्गुळ हा शुद्ध अर्क नव्हे, त्यात इतर अनेक द्रव्ये असतात, याची मला जाणीव आहे. तरीही औषधशास्त्र किंवा आयुर्वेदाच्या जाणकारांनी कृपया सांगावे : रोजच्या मात्रेत या दोहोंपैकी कोणता परिणाम अधिक संभवतो? गुग्गुळ बंद केल्यावर किती दिवसांनी दाब पूर्ववत व्हावा? आणि गुग्गुळ चालू ठेवता यावा म्हणून दाबाचे औषध बदलून मागणे योग्य ठरेल का? कोलेस्टेरॉलची चर्चा कृपया येथे नको; आईला तो त्रास नाही.

सध्या गुग्गुळ बंद आहे, दाबाची गोळी चालू आहे आणि रोज सकाळी सातला दाब मोजून मी वहीत लिहून ठेवतो. आज १४२/८६ भरला.