एलएनजीचे पहिले जहाज निघायला 1959 का उजाडले?

जिज्ञासू: नैसर्गिक वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव, म्हणजे एलएनजी, होतो आणि आकारमान सुमारे 600 पटींनी घटते. हे तंत्र पहिल्या महायुद्धाच्या काळापासून माहीत होते, तरी एलएनजी घेऊन महासागर ओलांडणारे पहिले जहाज 1959 मध्येच निघाले. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात 1944 मध्ये झालेल्या एलएनजी दुर्घटनेची धास्ती, एवढेच याचे कारण होते का?

शीतयंत्री: धास्ती होतीच, पण खरा अडसर धातूचा होता असे मला वाटते. क्लीव्हलंडचा प्रकल्प 1941 मध्ये हिवाळ्यातील वाढीव मागणीसाठी वायू साठवून ठेवण्याकरिता उभारला गेला होता. तिथल्या तीन गोलाकार टाक्यांच्या जोडीला नंतर एक मोठी दंडगोलाकार टाकी आली, आणि 20 ऑक्टोबर 1944 रोजी तीच फुटली. बाहेर पडलेल्या द्रवाची वाफ गटारांत शिरून वस्तीभर पेटत गेली आणि सुमारे 130 माणसे दगावली. त्या टाकीच्या पोलादात साडेतीन टक्केच निकेल होते, आणि असे पोलाद एवढ्या थंडीत ठिसूळ होते. पुढे नऊ टक्के निकेलचे पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरण्याची रीत पडली.

दर्यावर्दी: शीतयंत्री यांच्याशी सहमत आहे, मात्र गरजही लागते. शिकागोच्या युनियन स्टॉकयार्ड या जनावरांच्या मोठ्या बाजाराचे प्रमुख विल्यम वुड प्रिन्स यांना लुइझियानाचा स्वस्त वायू बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू नौकांतून) मिसिसिपी नदीमार्गे आणायचा होता. तो बेत फसला, पण त्यासाठी झालेले काम इंग्लंडच्या उपयोगी पडले, कारण तिथे घरगुती वायू अजून कोळशापासूनच बनत होता. जुन्या मालवाहू जहाजात ॲल्युमिनियमच्या टाक्या आणि भोवती बाल्सा लाकडाचे आवरण (थंडी जहाजाच्या पोलादी सांगाड्यापर्यंत पोचू नये म्हणून!) बसवून ‘मिथेन पायोनियर’ तयार झाले. जानेवारी 1959 मध्ये ते लुइझियानातील लेक चार्ल्सहून सुमारे 5000 घनमीटर द्रव घेऊन निघाले आणि फेब्रुवारीत थेम्सच्या मुखाजवळील कॅन्व्ही बेटावर पोचले. 1964 पासून अल्जीरियातील आर्झ्यूहून तिथे नियमित व्यापार सुरू झाला.

जिज्ञासू: आभारी आहे. मग या व्यापारात इंग्लंड आघाडीवर का राहिले नाही?

दर्यावर्दी: 1965 मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटनच्या हद्दीतच वायू सापडला, आणि आयातीची निकड ओसरली. जपानकडे असा घरचा साठा नव्हता. 1969 मध्ये अलास्काचा वायू टोकियोकडे जाऊ लागला आणि या धंद्याचे तोंड पूर्वेकडे वळले.